मंद लेसर आणि जंतू : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मागील अंकात लेसरने मूतखडा फोडण्याच्या शस्त्रक्रियेविषयी माहिती दिली होती. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बरीचशी वेगळ्याच लेसरविषयी आहेत. हा लेसर कापत नाही, जाळत नाही, हातावर धरला तरी गरम लागत नाही, आणि तरीही त्याने जंतू मरतात असे सांगितले जाते. तालुक्याच्या गावांतून अशा उपचारांची शिबिरे भरू लागली आहेत आणि लोक त्यासाठी पदरचे पैसे मोजत आहेत, म्हणून या वेळचे संपूर्ण सदर याच विषयाला दिले आहे.

प्रश्न : माझ्या वडिलांना मधुमेह आहे. तूर सोंगून झाल्यावर वावरातून चालताना तुरीचा खुंट चपलेतून आरपार जाऊन त्यांच्या तळपायात घुसला. बरेच दिवस झाले तरी जखम ओलीच आहे. आमच्याकडील एका शिबिरात पेनसारख्या यंत्रातून लाल लेसर जखमेवर फिरवण्यात आला आणि "याने सगळे जंतू मरतात, आता गोळ्यांची गरज नाही" असे सांगण्यात आले. दहा बैठकांचे पैसे आगाऊ मागितले आहेत. हे खरे आहे काय? (एक शेतकरी, दारव्हा तालुका, जिल्हा यवतमाळ)

उत्तर : गोळ्या बंद करू नयेत आणि वडिलांना विनाविलंब उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात न्यावे, हे आपल्याला टपालाने आधीच कळवले आहे. तसे का, याचे सविस्तर उत्तर सर्व वाचकांसाठी येथे देत आहे.

पहिला लेसर १९६० साली अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीपासून तयार केला. पुढे १९६७ च्या सुमारास हंगेरीतील बुडापेस्ट येथे एंड्रे मेस्टर हे शल्यचिकित्सक उंदरांच्या भादरलेल्या पाठीवर मंद लाल लेसर सोडून पाहत असताना, त्या उंदरांचे केस इतरांपेक्षा लवकर उगवत असल्याचे त्यांना दिसले. त्यानंतर त्यांनी न भरणाऱ्या जखमांवर हा प्रकाश वापरला आणि त्यातून मंद लेसर उपचाराची शाखा सुरू झाली. या उपचारात साधारणपणे ५ ते ५०० मिलिवॅट शक्तीचा, लाल किंवा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश वापरतात. मिलिवॅट म्हणजे वॅटचा हजारावा भाग. मेस्टर यांचे निरीक्षण शरीराच्या स्वतःच्या पेशींविषयी होते, जंतूंविषयी नव्हते, आणि शिबिरांतील दाव्यात नेमकी याच ठिकाणी गल्लत होते. आपल्या पेशींमधील ऊर्जा निर्माण करणाऱ्या तंतुकणिकांत सायटोक्रोम सी ऑक्सिडेज नावाचे प्रथिन असते. ते हा प्रकाश शोषते आणि त्यामुळे पेशीचे काम काहीसे वेगाने होते, असे स्पष्टीकरण सर्वसाधारणपणे दिले जाते. म्हणजे या उपचाराचा हेतूच पेशीला चालना देण्याचा आहे.

आता जंतूंकडे वळू. प्रकाशाने एखाद्या सजीवावर परिणाम करायचा असेल, तर त्याच्यातील कोणत्या तरी रेणूने तो प्रकाश आधी शोषला पाहिजे. जो प्रकाश शोषला जात नाही, तो काहीच न करता आरपार जातो किंवा परत फिरतो. जखमेत सामान्यतः आढळणाऱ्या जिवाणूंकडे लाल प्रकाश जोमाने शोषून त्याचे विषात रूपांतर करील असे द्रव्य जवळजवळ नसते. प्रयोगशाळेत हे सहज पाहता येते. काचेच्या उथळ बशीत अगारचा (जंतू वाढवण्याच्या पोषक जेलीचा) थर ओतून त्यावर पू निर्माण करणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जिवाणूंचा पातळ लेप दिला आणि एका ठिपक्यावर काही मिनिटे मंद लाल लेसर धरला, तर दुसऱ्या दिवशी बशीभर पिवळसर साय आल्यासारखी वाढ दिसते आणि लेसर कोठे धरला होता ती जागा ओळखूसुद्धा येत नाही.

कॅनडामधील टोरांटो येथे २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६३०, ६६०, ८१० आणि ९०५ नॅनोमीटर अशा चार तरंगलांबींचा (प्रकाशाचा रंग तरंगलांबीवर ठरतो) मंद लेसर तीन प्रकारच्या जिवाणूंवर, दर चौरस सेंटीमीटरला १ ते ५० जूल (जूल हे ऊर्जेचे एकक) इतक्या मात्रेत सोडण्यात आला होता. परिणाम जिवाणूची जात, तरंगलांबी आणि मात्रा यांनुसार बदलत गेला. काही ठिकाणी वाढ थोडी मंदावली आणि ८१० नॅनोमीटरला ई. कोलाय या जिवाणूची वाढ उलट जास्त झाली. रशियातील टिना कारू यांनीही अल्प मात्रेतील लाल प्रकाशाने ई. कोलायची वाढ जोमाने होत असल्याचे त्याआधी दाखवले होते. प्रकाशाचा जिवाणूंना फायदा होणे ही विज्ञानाला नवी गोष्ट नाही. अल्बर्ट केल्नर यांनी १९४९ साली असे दाखवून दिले होते की, अतिनील किरणांनी मरणपंथाला लागलेले जंतू नंतर साध्या दृश्य प्रकाशात ठेवले तर त्यांच्यातील बरेचसे पुन्हा सावरतात, कारण त्यांच्यातील एक विकर (एन्झाइम) त्याच प्रकाशाच्या ऊर्जेवर डीएनएची दुरुस्ती करते. म्हणून संसर्ग आटोक्यात आलेला नसताना, पू असलेल्या जखमेवर मंद लेसर फिरवून "जंतू मेले" असे म्हणणे चुकीचे आहेच, शिवाय ते धोक्याचेही ठरू शकते.

दुसरी अडचण खोलीची आहे. लाल आणि अवरक्त प्रकाश मांसात काही मिलिमीटरच पोचतो आणि वाटेतच विखरून क्षीण होतो. तुरीचा खुंट, बाभळीचा काटा किंवा खिळा याहून खोल जातो. धनुर्वाताचे जंतू तर नेमके अशाच अरुंद, खोल आणि हवा न पोचणाऱ्या जखमेत वाढतात, आणि त्यांचे मातीतून आलेले बीजाणू इतके चिवट असतात की, साध्या जिवाणूंना मारणाऱ्या कितीतरी उपायांना ते दाद देत नाहीत. त्यामुळे धनुर्वाताच्या लसीला लेसर हा पर्याय होऊ शकत नाही. कुत्रा चावला असेल तरी हेच लागू आहे. जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी.

"९९.९ टक्के जंतू मारतो" असे वाक्य अनेक पत्रकांवर असते, त्याचाही हिशेब करून पाहावा. जखमेत १० लाख जिवाणू असतील आणि त्यांतील ९९.९ टक्के खरोखरच मेले, तर १००० उरतात. ई. कोलायसारखा जिवाणू अनुकूल परिस्थितीत दर २० मिनिटांनी दुप्पट होतो. दहा वेळा दुप्पट झाले की १००० चे १० लाखांहून अधिक होतात आणि त्यास अवघे ३ तास २० मिनिटे लागतात. जखमेत अपुरे पोषण आणि शरीराचा प्रतिकार यांमुळे हा वेग कमी असतो, पण मेलेले मांस आणि पू काढले नाहीत, रक्तातील साखर ताब्यात आणली नाही आणि पायावरचा भार कमी केला नाही, तर केवळ वरून केलेला कोणताही उपाय टिकत नाही.

आपल्या वडिलांच्या बाबतीत खुंटाचा तुकडा आत राहिला आहे काय, आणि संसर्ग हाडापर्यंत गेला आहे काय, हे दोन प्रश्न आधी सुटले पाहिजेत. मधुमेहात पायाची संवेदना अनेकदा कमी झालेली असते, त्यामुळे दुखत नाही याचा अर्थ बरे आहे असा होत नाही. संसर्ग आटोक्यात आल्यानंतर जखम भरून येण्यास साह्य म्हणून मंद लेसरचा उपयोग झाल्याचे काही छोट्या चाचण्यांत आढळले आहे, म्हणून तो उपचार सर्वस्वी निरर्थक आहे असे मी म्हणणार नाही. परंतु त्याची जागा मलमपट्टी, औषधे आणि साखरेचे नियंत्रण यांच्या नंतरची आहे, आणि गोळ्या सोडा असे सांगणाऱ्याला आगाऊ पैसे देऊ नयेत असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : आमच्या आश्रमशाळेतील एका विद्यार्थिनीने विज्ञान प्रदर्शनासाठी अशी कल्पना मांडली आहे की, पिण्याच्या पाण्याच्या माठावर लेसर टॉर्च लावून ठेवल्यास पाण्यातील जंतू मरतील. कल्पना योग्य आहे काय? (एक शिक्षिका, धारणी तालुका, जिल्हा अमरावती)

उत्तर : मुलीचे कौतुक करावे, कारण प्रकाशाने पाण्यातील जंतू मरतात ही कल्पना बरोबर आहे. चूक आहे ती प्रकाशाच्या रंगाच्या आणि मात्रेच्या अंदाजात, आणि तो हिशेब तिच्याकडूनच करून घेतला तर प्रदर्शनात तिचा तक्ता सर्वांत भक्कम ठरेल.

बाजारातील टॉर्च लाल प्रकाशाची असेल तर तिचा जंतूंवर फारसा परिणाम होणार नाही, हे वर पाहिलेच. निळ्या-जांभळ्या प्रकाशाची गोष्ट मात्र निराळी आहे. साधारण ४०५ ते ४७० नॅनोमीटरच्या प्रकाशाने अनेक जिवाणू मरतात, कारण त्यांच्या शरीरात तयार होणारी पॉर्फिरिन नावाची द्रव्ये हा प्रकाश शोषतात आणि ऑक्सिजनला विध्वंसक रूप देतात. मात्र त्यासाठी लागणारी मात्रा दर चौरस सेंटीमीटरला काही दहापासून काही शेकडो जूलपर्यंत असते. समजा, ५ मिलिवॅटची निळी टॉर्च आहे आणि आपल्याला दर चौरस सेंटीमीटरला १०० जूल द्यायचे आहेत. माठाचे तोंड २० सेंटीमीटर व्यासाचे धरले तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३१४ चौरस सेंटीमीटर होते आणि एकूण ३१,४०० जूल लागतात. ५ मिलिवॅटची टॉर्च सेकंदाला ०.००५ जूल देते. म्हणजे साधारण ६२ लाख ८० हजार सेकंद, अर्थात रात्रंदिवस चालू ठेवून सुमारे ७३ दिवस लागतील, आणि हा हिशेब फक्त वरच्या पृष्ठभागाचा झाला.

याच हिशेबाच्या शेजारी सूर्याचा आकडा मांडावा. निरभ्र दुपारी सूर्यप्रकाशाची तीव्रता दर चौरस सेंटीमीटरला सुमारे १०० मिलिवॅट असते, तिच्यात निळा, जांभळा आणि अतिनील असे सर्व भाग असतात आणि ती एका ठिपक्यावर न पडता अख्ख्या अंगणभर पडते. डाऊन्स आणि ब्लंट या दोन इंग्लिश संशोधकांनी १८७७ साली दाखवले की, पोषक द्रावणाच्या नळ्या उन्हात ठेवल्या तर त्या नितळ राहतात आणि झाकून ठेवलेल्या नळ्या जंतूंच्या वाढीने गढूळ होतात. त्याच तत्त्वावर आज प्लास्टिकच्या पारदर्शक बाटलीतील पाणी उन्हात निर्जंतुक करण्याची पद्धत अनेक देशांत वापरली जाते. दोन लिटरपर्यंतची, ओरखडे नसलेली स्वच्छ बाटली नितळ पाण्याने भरून झाकण लावावे आणि आडवी करून थेट उन्हात ६ तास ठेवावी. आकाश निम्म्याहून अधिक ढगाळ असेल तर सलग दोन दिवस ठेवावी. पाणी गढूळ असल्यास आधी निवळून आणि गाळून घ्यावे, कारण मातीच्या कणांआड जंतू सुरक्षित राहतात. आपल्याकडील उन्हाळ्यात पाण्याचे तापमानही वाढते आणि त्याने या क्रियेस चांगला हातभार लागतो. पावसाळ्यात मेळघाटात आठवडा-आठवडा ऊन पडत नाही, तेव्हा मात्र या पद्धतीवर विसंबू नये. आशाताई देतात ते क्लोरीनचे द्रावण सांगितलेल्या प्रमाणात टाकावे किंवा पाणी उकळावे.

प्रदर्शनात लेसर टॉर्च वापरलीच तर ती कोणाच्याही डोळ्यांकडे जाणार नाही अशी पक्की बसवावी. काही मिलिवॅटचा झोतसुद्धा डोळ्यातील भिंगामुळे दृष्टिपटलाच्या एका बारीक बिंदूवर एकवटतो आणि तेथे कायमची इजा होऊ शकते.

प्रश्न : आमच्याकडची वायगाव हळद प्रसिद्ध आहे. जखमेवर हळद लावून वरून लेसर दिला तर जंतू लवकर मरतात, असे एका व्हॉट्सॲप संदेशात वाचले. यात तथ्य आहे काय? (एक हळद उत्पादक, समुद्रपूर तालुका, जिल्हा वर्धा)

उत्तर : यात तथ्याचा अंश आहे आणि तो फार रंजक आहे, म्हणून थोडे मागून सांगतो.

सन १९०० मध्ये जर्मनीतील म्युनिक येथे ऑस्कर राब हा वैद्यकाचा विद्यार्थी हर्मन फॉन टापायनर यांच्या हाताखाली काम करीत होता. अक्रिडिन नावाच्या रंगद्रव्यात पॅरामेशियम हे एकपेशीय जीव किती वेळात मरतात, हे तो मोजत होता. द्रावण तेच, प्रमाण तेच, तरीही एका दिवशी ते लवकर मरत आणि दुसऱ्या दिवशी बराच काळ तग धरत. शोध घेता असे आढळले की फरक खोलीतील उजेडाचा होता. रंगद्रव्य एकटे फारसे घातक नव्हते आणि उजेडही एकटा घातक नव्हता, पण दोघे एकत्र आले की जीव मरत होते. ही क्रिया आता बऱ्यापैकी उलगडली आहे. रंगद्रव्याचा रेणू प्रकाश शोषतो आणि ती ऊर्जा जवळच्या ऑक्सिजनला देतो. असा चेतवलेला ऑक्सिजन पाण्यात काही मायक्रोसेकंदच टिकतो आणि तेवढ्या वेळात मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी अंतर जातो. म्हणून रंगद्रव्य जंतूला चिकटलेले किंवा त्याच्या आत शिरलेले असेल तरच मारा लागू पडतो. एकदा लागू पडला की तो पेशीचे आवरण, प्रथिने आणि डीएनए अशा अनेक ठिकाणी एकाच वेळी होतो, त्यामुळे प्रतिजैविकांना न जुमानणारे जिवाणूही यातून सुटत नाहीत. या विषयाकडे जगभरचे संशोधक आशेने पाहतात त्याचे हेच कारण आहे.

मंद लेसर खऱ्या अर्थाने जंतुनाशक ठरतो तो येथे. मिथिलीन ब्लू हे निळे रंगद्रव्य सुमारे ६६५ नॅनोमीटरचा लाल प्रकाश उत्तम शोषते. पहिल्या उत्तरात सांगितलेल्या अगारच्या बशीत आधी मिथिलीन ब्लूचे पातळ द्रावण पसरवून मग तोच लाल लेसर योग्य मात्रेत दिला, तर दुसऱ्या दिवशी पिवळसर वाढीच्या मधोमध स्वच्छ, रिकामे वर्तुळ दिसते. दंतवैद्यक हिरड्यांच्या खोल कप्प्यांतील जंतूंसाठी मिथिलीन ब्लू किंवा टोलुइडीन ब्लू आणि लाल डायोड लेसर यांची अशी जोडी नेहमीच्या साफसफाईला पूरक म्हणून वापरतात. युरोपातील काही रक्तपेढ्यांत रक्तद्रवातील (प्लाझ्मातील) विषाणू निष्प्रभ करण्यासाठी मिथिलीन ब्लू आणि दृश्य प्रकाश यांचा उपयोग १९९० च्या दशकापासून होत आला आहे. मेदाचे वेष्टण असलेले विषाणू या माऱ्याला लवकर बळी पडतात, वेष्टण नसलेले मात्र बरेच चिवट असतात. जिवाणूंमध्येही असाच भेद आहे. ग्रॅम-निगेटिव्ह गटातील जिवाणूंना जास्तीचे बाह्य आवरण असल्याने धनभारित रंगद्रव्यच त्यांच्यात नीट शिरते.

आता हळदीविषयी. हळदीतील करक्युमिन हे अशाच प्रकारचे प्रकाशसंवेदी द्रव्य आहे आणि प्रयोगशाळेत त्याने जिवाणू मारून दाखवलेले आहेत. वायगाव हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले त्यामागे तिच्यातील करक्युमिनचे भरघोस प्रमाण हेही एक कारण आहे, याचा आपल्याला अभिमान असणे साहजिक आहे. परंतु करक्युमिन ४२० ते ४३० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा-जांभळा प्रकाश शोषते. हळद पिवळी दिसते ती याचमुळे, कारण निळा भाग ती गिळते आणि उरलेला परत पाठवते. तिच्यावर लाल लेसर टाकणे म्हणजे दुसऱ्याच कुलपाला किल्ली लावणे होय. शिवाय करक्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे संशोधक ते विशेष द्रावकात शुद्ध स्वरूपात वापरतात. घरची हळदपूड जमिनीतून आलेल्या कंदाची असते, ती निर्जंतुक नसते, आणि तिच्यात मातीतले बीजाणू असू शकतात. उघड्या खोल जखमेत ती भरणे मला योग्य वाटत नाही. मिथिलीन ब्लू आणून घरी लेसर टॉर्चने प्रयोग करण्याचा विचारही कोणी करू नये, कारण मात्रा चुकली तर जंतूंबरोबर आपल्या निरोगी पेशीही होरपळतात.

प्रश्न : मी विज्ञान शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे. अतिशय कमी शक्तीच्या लेसरने विषाणू नष्ट करता येतात आणि माणसाच्या पेशींना धक्का लागत नाही, असे इंटरनेटवर वाचले. मग विषाणूजन्य रोगांवर हा उपाय का वापरला जात नाही? (एक विद्यार्थी, ब्रह्मपुरी, जिल्हा चंद्रपूर)

उत्तर : आपण वाचलेले संशोधन बहुधा अमेरिकेतील ॲरिझोना राज्य विद्यापीठाचे के. टी. त्सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे, २००७ साली प्रसिद्ध झालेले असावे. त्यांनी ४२५ नॅनोमीटरचा, १०० फेमटोसेकंद इतक्या अल्प काळाचे स्पंद सोडणारा लेसर एम-१३ या विषाणूवर वापरला. एम-१३ हा ई. कोलायला ग्रासणारा, धाग्यासारखा लांबट विषाणू असून माणसाला निरुपद्रवी आहे. दर स्पंदात केवळ ०.५ नॅनोजूल ऊर्जा असतानाही विषाणू निष्प्रभ झाले असे त्यांनी नोंदवले. विषाणूच्या बाहेरील प्रथिनांच्या कवचात लेसरच्या झटक्याने कंप निर्माण होतो आणि कवच मोडते, असे त्यांचे स्पष्टीकरण होते.

येथे "कमी शक्ती" हा शब्दप्रयोग जपून वाचावा. ०.५ नॅनोजूल ही ऊर्जा नगण्य आहे, पण ती १०० फेमटोसेकंदांत दिली जाते. फेमटोसेकंद म्हणजे सेकंदाच्या एक अब्जाव्या भागाचा पुन्हा दहा लाखावा भाग. भागाकार केल्यास त्या क्षणापुरती शक्ती ५००० वॅट येते, आणि ती बारीक ठिपक्यात एकवटल्यामुळे दर चौरस सेंटीमीटरला ५० मेगावॅट किंवा अधिक इतकी तीव्रता निर्माण होते. त्याहून कमी तीव्रतेला परिणाम दिसला नव्हता. जत्रेतल्या टॉर्चशी किंवा शिबिरातल्या पेनशी या यंत्राचे कोणतेच साम्य नाही.

विषाणू निष्प्रभ झाले हे मोजले कसे जाते, तेही समजून घेण्यासारखे आहे. बशीत ई. कोलायची दाट वाढ होऊ देतात आणि तिच्यात विषाणूंचे विरल द्रावण मिसळतात. जेथे एक जिवंत विषाणू असतो तेथे त्याची प्रजा आसपासच्या जिवाणूंना ग्रासते आणि दुधी थरात एक फिकट ठिपका उमटतो. लेसर दिलेल्या आणि न दिलेल्या द्रावणाचे ठिपके मोजून तुलना करतात. त्सेन यांच्या गटाने पुढे इतर विषाणूंवरही असेच काम प्रसिद्ध केले. परंतु २०१४ साली अमेरिकेतीलच दुसऱ्या एका गटाने फेमटोसेकंद लेसरचे प्रयोग एम-१३, ई. कोलाय, डीएनए आणि प्रथिन यांवर करून पाहिले, तेव्हा त्यांना कोणताही परिणाम आढळला नाही आणि त्यांनी तसे प्रसिद्ध केले. एखादा निष्कर्ष दुसऱ्यांच्या हातूनही तसाच निघत नाही तोपर्यंत त्यावर उपचार उभारता येत नाही. आपण विज्ञानाचे विद्यार्थी आहात, म्हणून दोन्ही निबंध शेजारी ठेवून वाचावेत असा माझा आग्रह आहे. कोणत्या गटाने ठिपक्याचा आकार, द्रावणाची ढवळणी आणि स्पंदाची रुंदी कशी नोंदवली, याकडे विशेष लक्ष द्यावे.

याखेरीज एक साधी मर्यादा आहे. विषाणू शरीरात मोकळे फिरत असतात त्याहून अधिक काळ आपल्याच पेशींच्या आत दडलेले असतात. सर्व रक्त आणि सर्व अवयव प्रकाशाखाली आणणे शक्य नाही. त्यामुळे प्रकाशाचा खरा उपयोग शरीराबाहेर काढलेल्या रक्तद्रवासारख्या गोष्टींत, पाण्यात, हवेत आणि पृष्ठभागांवर होतो. तेथे आजही २५४ नॅनोमीटरचे अतिनील दिवे सर्वांत विश्वासार्ह आहेत, कारण ते जंतूंच्या आणि विषाणूंच्या जनुकीय द्रव्यावर थेट आघात करतात. ते दिवे चालू असताना खोलीत माणसाने थांबू नये, कारण त्यांनी डोळे आणि कातडी भाजते.

प्रश्न : माझ्या आईला कमरेवर नागीण उठली आहे. लेसरने नागीण मरते असे एकाने सांगितले. (एक वाचक, आमगाव तालुका, जिल्हा गोंदिया)

उत्तर : नागीण हा कांजिण्यांच्याच विषाणूचा आजार आहे. लहानपणी शरीरात शिरलेला हा विषाणू मज्जातंतूंच्या मुळांशी वर्षानुवर्षे सुप्त राहतो आणि प्रतिकारशक्ती कमी झाली की त्या मज्जातंतूच्या पट्ट्यावर फोड उठवतो. मूळ जागा पाठीच्या कण्यालगत असल्याने मंद लेसर तेथपर्यंत पोचत नाही. विषाणूविरोधी गोळ्या फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाल्यास सर्वांत जास्त उपयोग होतो, म्हणून त्याच दिवशी दवाखान्यात जावे. फोडांचे वेटोळे पूर्ण झाले की माणूस दगावतो ही समजूत निराधार आहे, आईंची ती भीती आधी घालवावी.

ओठांवर वारंवार येणाऱ्या हर्पिसच्या फोडांबाबत मात्र एक लक्षणीय चाचणी झाली आहे. ऑस्ट्रियातील व्हिएन्ना येथे १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत, फोड नसलेल्या काळात ६९० नॅनोमीटरचा मंद लेसर सलग दहा दिवस दिलेल्या रुग्णांमध्ये फोड पुन्हा येण्यापूर्वीच्या काळाचा मध्यक (निम्म्या रुग्णांत याहून कमी, निम्म्यांत जास्त) ३७.५ आठवडे होता आणि खोटा लेसर दिलेल्यांमध्ये ३ आठवडे. विषाणू मेला असा त्याचा अर्थ लावता येत नाही. त्या भागातील प्रतिकार सुधारला असावा, असे मानणे अधिक सयुक्तिक आहे.

प्रश्न : आमच्या गाईला दगडी (कासदाह) झाली आहे. लम्पीच्या साथीत उठलेल्या गाठींच्या जखमाही एका गोऱ्ह्याच्या अंगावर अजून आहेत. जनावरांवर लेसरचा उपयोग होईल काय? (एक पशुपालक, मोताळा तालुका, जिल्हा बुलढाणा)

उत्तर : लम्पी हा विषाणूचा आजार आहे आणि २०२२ च्या साथीत आपल्या भागाने त्याची झळ चांगलीच सोसली. तो चावणाऱ्या माश्या, डास आणि गोचिडांमार्फत पसरतो, म्हणून लसीकरण आणि गोठ्यातील कीटकांचा बंदोबस्त यांवरच भर द्यावा. गोऱ्ह्याच्या जखमा स्वच्छ धुऊन त्यांत किडे पडणार नाहीत अशी काळजी घ्यावी. त्या भरून येण्यासाठी लेसर शोधत फिरण्याची आवश्यकता नाही.

दगडीमध्ये जिवाणू कासेच्या आत, दूधग्रंथींच्या बारीक नलिकांत असतात. लेसरचा प्रकाश कातडीखाली काही मिलिमीटरवरच विरतो आणि दूध स्वतः प्रकाश विखरून टाकणारे असल्याने आत काहीच पोचत नाही. सडातून गाठी किंवा पाण्यासारखे दूध येत असेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यात नमुना देऊन, जिवाणूला कोणते प्रतिजैविक लागू पडते याची चाचणी करून घेण्याची विनंती करावी. त्यासाठी सड धुऊन, कोरडा करून, स्पिरिटच्या बोळ्याने पुसावा, पहिल्या चार-पाच धारा टाकून द्याव्यात आणि मगच निर्जंतुक बाटलीत दूध घ्यावे. बाटलीवर कोणत्या सडाचे दूध आहे ते लिहावे, ती बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवावी, आणि हा नमुना पहिले इंजेक्शन देण्यापूर्वीच घ्यावा, कारण औषध सुरू झाल्यावर घेतलेल्या दुधात जिवाणू बशीत वाढत नाहीत आणि चाचणी वाया जाते.